मिरीची जंपिंग प्रॅक्टिस: क्रॉस, वळणं आणि पडणारे बार

६ ऑक्टोबर

या नोंदी कुत्र्यांच्या एजिलिटीतल्या, म्हणजे अडथळे पार करायच्या खेळातल्या, फक्त जंपच्या हँडलिंगच्या आहेत, म्हणजे कुत्रा उडी मारत असताना आपण कुठे पळायचं, कधी वळायचं, हात खांदे पाय त्याला काय सांगत असतात एवढंच. वीव्ह पोल, डॉगवॉक, सीसॉ या बाकीच्या अडथळ्यांतलं काही इथे नाही. मिरी मिक्स ब्रीड, दोन वर्षं पूर्ण झालीत, खांद्यापाशी उंची ४६ सेंमी. एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या) नियमाने ती इंटरमीजिएट गटात बसते, स्पर्धेत ४५ ते ५० सेंमी उंचीवर बार (उडीचे आडवे दांडे) येतील. पण सुरुवातीचं सगळं काम २० सेंमीवर करायचं ठरवलंय, कारण शिकायचीयत ती वळणं, आणि वळण शिकताना उड्या खूप होतात, त्या सगळ्या उंच बारवर झाल्या तर सांध्यांची वाट लागते. पिल्लू असेल तर उंच बार आणि टाइट वळणं दोन्ही थांबवा, हाडांची वाढ व्हायची असते. एफसीआय स्पर्धेत १८ महिन्यांच्या आत कुत्र्याला उतरवतच नाहीत.

सामान घरीच केलं. पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, आणि बार नुसता टेकेल असे कप. बार १२० सेंमीचे कापले. एक गोष्ट कटाक्षाने पाळा, बार दोन्ही बाजूंनी सहज पडला पाहिजे, वाऱ्याने पडतो म्हणून बांधून वगैरे ठेवू नका, पाय अडकला तर कुत्रा तोंडावर आपटेल. बारवर लाल टेप लावणार होते पण कुत्र्यांना लाल आणि हिरवा नीट वेगळा दिसत नाही, गवतावर तो विरूनच जातो, म्हणून पिवळे आणि निळे पट्टे मारले. जागा गवताची, सपाट. सिमेंटवर एकही उडी नाही.

१० ऑक्टोबर

आज जंप मांडलेच नाहीत. नुसतं मोकळ्या जागेत डाव्या बाजूला चाल, उजव्या बाजूला चाल, मग बाजू बदल. मिरीला डावीकडे चालायची सवय आहे, पट्ट्यावर तसंच शिकवलं होतं, त्यामुळे उजवी बाजू पार कच्ची निघाली, मी वळले की ती मागून फिरून परत डावीकडे हजर. जंपवर हे झालं असतं तर मी क्रॉसला, म्हणजे कुत्र्याची बाजू बदलायच्या वळणाला, दोष देत बसले असते.

उपाय सोपा पण कंटाळवाणा. पुढचे काही दिवस ट्रीट फक्त उजव्या हातातून, उजव्या मांडीच्या शिवणीपाशी. हात पुढे काढून द्यायचं नाही, नाहीतर कुत्रा आपल्या पुढ्यात येऊन उभा राहतो. आणि ती ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या हाताने द्यायचं, विरुद्ध हात आडवा आणून दिलं की ती वाकडी होऊन चालायला लागते.

१९ ऑक्टोबर

एकच जंप. उद्देश एवढाच की मी तिच्या बरोबरीने बारपर्यंत न जाता तिने जाऊन उडी मारावी. याला सगळे कमिटमेंट म्हणतात, म्हणजे जंप घ्यायची हे कुत्र्याने ठरवलेलं असतं आणि आता आपण दुसरीकडे निघालो तरी तो ती सोडत नाही.

जमलं नाही ते असं. मी बारच्या शेजारून पळाले की ती पण माझ्याबरोबर शेजारून. नजर बारवर नाहीच, माझ्या हातातल्या टगवर (ओढाओढीच्या खेळण्यावर). टग दिसेल असा हातात धरून पळणं बंद केलं. मग टग बारच्या पलीकडे फेकायला लागले, तर नवीनच झालं, ती हवेत असताना टग डोक्यावरून गेला की ती मान वर करायची, मान वर गेली की पाठ खोलगट होते आणि मागचे पाय खाली राहतात, बार खणकन खाली. म्हणून टग आधीच पलीकडे जमिनीवर ठेवला, किंवा टेकऑफच्या (उडीसाठी पाय उचलायच्या) आधी जमिनीलगत सरळ फेकला. आणि सुरुवात बारच्या अगदी जवळून, एका पावलावरून केली. तिची नजर बारवर गेली की लगेच ‘येस’, मग उडी, मग टग. तिथून हळूहळू मागे आणि हळूहळू बाजूला सरकले. बाजूला सरकणं जास्त अवघड आहे, मागे सरकणं त्या मानाने काहीच नाही.

२७ ऑक्टोबर

स्टार्ट लाइनला बसून राहते, पण मी हात उचलला की सुटते. सोडायचा शब्द वेगळा आहे हे तिला कळलेलंच नव्हतं, कारण मी दोन्ही एकदम करत होते. आता पुढे जायचं, हात उचलायचा, काही न बोलता परत येऊन तिला बसल्या जागी ट्रीट द्यायची. वळून बघायचं, परत यायचं. मधूनच एकदा खरं सोडायचं. हे धरून ठेवावं लागतं, कारण पुढे जाऊन उभं राहायची मुभा मिळाली तरच पहिले दोन जंप आपल्या हातात राहतात.

५ नोव्हेंबर

दोन जंप काटकोनात, मधे साधारण ६ मीटर. फ्रंट क्रॉस. म्हणजे कुत्रा पहिल्या जंपकडे येत असताना आपण त्याच्याकडे तोंड करून वळायचं आणि त्याला दुसऱ्या हातावर घ्यायचं. चालत केलं तर छान. पळत केलं की ती पहिली जंप घेऊन सरळ दोन ढांगा पुढे, मग वळून दुसऱ्या जंपला मागून. दोनदा तर माझ्या गुडघ्यावरच आली. मी उभी राहत होते तीच मुळी तिच्या उतरायच्या जागेवर. जागा बदलली, खांबाच्या बाजूला, तिच्या रस्त्याच्या बाहेर. धडका थांबल्या, पण वळण मोठंच राहिलं.

९ नोव्हेंबर

ही नोंद मोठी आहे कारण यापुढचं सगळं यावरच चाललंय.

भावाने मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन काढला. जंपच्या बाजूला उभं राहून, मी आणि ती दोघी एका फ्रेममध्ये येऊ अशा बेताने. पहिलाच तुकडा बघून तो म्हणाला, ‘ताई, तू वळायला लागतेस तेव्हा ती आधीच हवेत आहे.’ खरंच, तिचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले त्या फ्रेमला माझे खांदे अजून जुन्या बाजूलाच. हवेत गेल्यावर कुत्र्याला रस्ता बदलता येत नाही, उडी कुठे टेकणार ते टेकऑफलाच ठरलेलं असतं. ती सरळ जात होती कारण तोपर्यंत मी तिला सरळच जा म्हणत होते, माझ्या अंगाने.

मग वाटलं लवकर वळू. लवकर वळले तर तिने जंपच सोडली, माझ्याकडे वळून आली. म्हणजे दोन टोकं आहेत. तिने जंप घ्यायची ठरवलं तो क्षण आणि तिचे पाय सुटले तो क्षण. सांगायचं ते या दोन्हींच्या मधे. ही जागा किती आहे ते मोजलं. आज ती बारच्या साधारण २ मीटर आधी कमिट होते. वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर २ मीटर म्हणजे ०.४ सेकंद, आणि टेकऑफ बारच्या बराच आधी होतो ते वजा केलं तर अजून कमी. माणसाला नुसतं बघून हालचाल करायलाच ०.२ सेकंद तरी लागतात. म्हणजे ‘ती कमिट झाली, आता वळते’ असं बघून वळणं जमणारच नाही, ती तिथे पोचायच्या आधीच वळायला सुरुवात झालेली पाहिजे.

यातून दोन कामं निघाली. एक, कमिटमेंट अजून लांबून पक्की करायची, म्हणजे ही मधली जागाच मोठी होते. १९ ऑक्टोबरला टगवाला जो सराव कंटाळवाणा वाटला होता तोच. दोन, क्रॉस सुरू करायची खूण जमिनीवर. बारच्या ३ मीटर आधी एक चपटा कोन (खुणेचा प्लास्टिकचा शंकू) ठेवला आणि मिरीला घरात ठेवून भावाला कुत्रा केलं. तो कोनापाशी आला की मी वळायला लागायचं, तो बारपाशी पोचेपर्यंत वळून झालेलं असलं पाहिजे. कुत्र्याशिवाय केलेला हा सराव सगळ्यात स्वस्त आहे, त्यात कुणाच्या सांध्यांवर भार येत नाही आणि कुत्रा चुकीचं काही शिकत नाही.

१६ नोव्हेंबर

फ्रंट क्रॉस बसतोय. व्हिडिओत आता टेकऑफच्या आधीच तिचं डोकं किंचित वळलेलं दिसतं आणि ती वळायच्या बाजूचा पाय पुढे ठेवून उतरते. हे दिसलं की समजायचं की निरोप वेळेत पोचला.

पण बार पडतायत. सरसकट ‘बार पडतो’ असं न लिहिता कुठल्या पायाने पडला ते बघा, फार उपयोग होतो. पुढच्या पायाने पडला तर बहुतेक वेळा ती बारच्या फार जवळ जाऊन उठली. मागच्या पायाने पडला तर हवेत असताना काहीतरी बदललं. आमचे जवळपास सगळे मागच्या पायाचे, आणि जवळपास प्रत्येक वेळी मी ती बारवर असताना ‘मिरीऽ’ म्हणून हाक मारलेली. हाक आली की ती हवेतच मान वळवते. हाक मारायची तर टेकऑफच्या आधी, नाहीतर ती जमिनीवर टेकल्यावर. मधे तोंड बंद.

बार पडल्यावर ओरडू नका. तिला बार पडला याचं काही नसतं, ओरडलं की तिला वाटतं उडी मारणंच चुकलं, मग पुढच्या वेळी जंपपाशी रेंगाळते. मी ट्रीट देत नाही, बार लावते, परत बोलावते, बस्स. कुणीतरी सुचवलं की जड बार लाव म्हणजे लागेल आणि शिकेल. अजिबात करू नका. लागलेला कुत्रा बारपासून लांबूनच उठायला लागतो, आणि लांबून उठला की अजून बार पाडतो.

टेकऑफसाठी वेगळा सराव सुरू केला. एक अगदी बुटका बार आणि पुढे दुसरा, मधे एकही पाऊल न टाकता टेकून लगेच उडता येईल एवढंच अंतर. ती अंग गोळा करून उठली तर अंतर बरोबर, ताणून चपटी उडाली तर जास्त झालं, मधे पाऊल कोंबायला लागली तर नक्की गडबड. अंतर प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, त्यामुळे आमचा आकडा लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर

अचानक फक्त डावीकडच्या वळणाला बार पडायला लागले, उजवीकडे एकही नाही. मी हँडलिंगमध्ये शोधत बसले, व्हिडिओत काहीच दिसेना. शेवटी पाय तपासले तर पुढच्या डाव्या पंजाचं एक नख मुळापाशी चिरलेलं. व्हेटने आराम सांगितला. एका बाजूचंच बिघडलं किंवा एकदम बिघडलं तर आधी कुत्र्याचं अंग बघा, पंजे, नखं, पाठ, मांड्या. ट्रेनिंगचं नंतर.

८ डिसेंबर

परत सुरू. आरामाच्या दिवसात मी एकटी पळायचा सराव करत होते, क्रॉसच्या पावलांचा, तो कामाला आला.

आता रिअर क्रॉस. कुत्रा पुढे, आपण मागून बाजू बदलायची. ती माझ्या डाव्या हाताला असेल आणि तिला डावीकडे वळवायचं असेल तर मी तिच्या शेपटीमागून ओलांडून डावीकडे जाणार, म्हणजे मग ती उजव्या हाताला येईल. जंपिंगच्या कोर्समध्ये हे टाळून चालतच नाही. एजिलिटीच्या कोर्समध्ये डॉगवॉक, ए-फ्रेम असे चढून उतरायचे अडथळे असतात, कुत्रा तिथे खालच्या पट्ट्यावर पाय ठेवेपर्यंत आपल्याला पुढे जायला वेळ मिळतो. जंपिंगमध्ये ते नसतात, कुत्रा सतत पळतोय, चार पायांच्या पुढे आपण प्रत्येक जंपला कसे पोचणार?

दोन वेगवेगळे बिघाड दिसले, एकत्र धरू नका. कधी ती जंपच्या अलीकडेच थांबून मागे वळून बघते. कधी ती उडी मारते पण पलीकडे उजवीकडे, म्हणजे जुन्या बाजूला वळते आणि मग मला शोधत गर्रकन फिरते. पहिल्यात मी फार लवकर ओलांडलं, कमिट व्हायच्या आधी तिच्या मागे गेले, तिला वाटलं मी चाललेच. दुसऱ्यात उशिरा, ती हवेत असताना. परत तीच मधली जागा! फ्रंट क्रॉसला होती तीच, फक्त आता मी मागे आहे त्यामुळे तिला मी नीट दिसत नाही, जे सांगायचं ते माझ्या पळायच्या दिशेनेच सांगावं लागतं.

१५ डिसेंबर

रिअर क्रॉससाठी जंप काढून टाकला. जमिनीवर तिच्या मागून ओलांडायचं आणि ती नवीन बाजूला वळली की टग. डावीकडे दोनेक सेशनमध्येच कळलं, उजवीकडे खूप वेळ गेला. मग बार जमिनीवर ठेवून, मग २० सेंमीवर.

ज्याने खरा फरक पडला ते म्हणजे पळायची रेघ. मी आधी तिच्या समांतर पळायचे आणि जंपपाशी आल्यावर एकदम आडवी घुसायचे. आता सुरुवातीपासूनच, ती ज्या बाजूला वळणार त्या बाजूच्या खांबाकडे तिरकी पळते. म्हणजे माझी रेघ लांबूनच तिच्या शेपटीकडे येत असते, तिला तीन चार ढांगा आधीच कळतं की बाजू बदलतेय, आणि ती टेकऑफच्या आधी पाय बदलते. वेग कमी करायचा नाही. मी रिअर क्रॉसला हळू झाले की ती लगेच मागे बघते.

२८ डिसेंबर

ब्लाइंड क्रॉस. कुत्र्याकडे पाठ करून बाजू बदलायची, पावलं पुढेच चालू राहतात म्हणून फ्रंट क्रॉसपेक्षा वेगवान. पण आपण पुढे असलो तरच.

इथे अडलं ते नजरेवर. बाजू बदलली, नवीन हात मागे केला, पण नजर पुढच्या जंपवर, त्यामुळे ती जुन्या बाजूनेच माझ्या मागून आली. जुना हात उघडा राहिला तरी तसंच होतं. क्रम असा बसवला: जुना हात छातीशी, मान झटकन नव्या खांद्यावरून मागे, डोळे तिच्या नाकावर, मग बाकी. पुढचा जंप कुठे आहे हे आपल्याला आधी चालून पाठ असलं पाहिजे, नाहीतर नजर तिकडे जातेच.

११ जानेवारी

रॅप, म्हणजे उडी मारून विंगला (जंपच्या बाजूच्या रुंद चौकटीला) चिकटून परत आपल्याकडे वळणं. डावा रॅप आणि उजवा रॅप यांना वेगळे शब्द दिलेत, ऐकायला अगदी वेगळे वाटतील असे. शब्दाआधी मात्र वेग. जंपच्या आधी मी हळू झाले की ती अंग गोळा करून छोटी उडी मारते, पळत राहिले की लांब उडी. हे कुत्रे न शिकवताच बरंचसं वाचतात, तेच पक्कं करायचं.

याची दुसरी बाजू पण आज दिसली. सेशनच्या शेवटी मी दमले, सरळ रेषेतल्या जंपना हळू पळायला लागले, तर ती प्रत्येक जंपनंतर वळून माझ्याकडे यायला लागली. तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून सेशन छोटं, मी दमायच्या आत बंद.

आणि विंग लावले. आजवर नुसते खांब होते. विंग लावल्याबरोबर वळणं मोठी झाली, तिला विंगला वळसा घालावा लागतो आणि मी उभी राहायचे ती फ्रंट क्रॉसची जागा आता विंगच्या आत पडते. सगळे कोन परत सरकवायला लागले, आठवडा गेला. शक्य असेल तर विंग पहिल्या महिन्यातच लावा.

२५ जानेवारी

दहा जंपचा छोटा कोर्स. सुरुवात तीन जंप सरळ, मग पिनव्हील (गोलात मांडलेले जंप), मग एक रिअर क्रॉस, शेवटी रॅप. आधी कुत्र्याशिवाय चालून घेतला. चालताना नंबर पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वळणाच्या जंपपाशी थांबून मागे वळून बघितलं, ती कुठे असेल तेव्हा मी निघायचं. खूण मनात ठेवायची ती तिच्या जागेची, ‘ती दोन नंबर टेकली की मी चारकडे’ अशी.

निकाल: रिअर क्रॉसला एक नकार, रॅपला एक बार. एफसीआयच्या मार्किंगने ५ आणि ५ दोषांक. असा तिसरा नकार झाला असता तर स्पर्धेत बादच. नकार माझ्या रेघेचा होता, पिनव्हीलमधून बाहेर येताना मी फार आत राहिले त्यामुळे तिरकं पळायला जागाच उरली नाही, जंपपाशी जाऊन आडवी घुसावं लागलं. पिनव्हीलच्या शेवटच्या जंपला तिला लांबून सेंड करून (एकटी पुढे पाठवून) मी आधीच बाहेर निघाले, तर दुसऱ्या वेळी रिअर क्रॉस साफ गेला. परत कमिटमेंटच कामाला आली.

८ फेब्रुवारी

उंची वाढवतेय. २० वरून ३०, मग ४०. एकदम सगळे बार वर नेले नाहीत, आधी सरळ रेषेतले, वळणाचे सगळ्यात शेवटी. उंची वाढली की टेकऑफ बारपासून अजून लांब सरकतो, म्हणजे कमिट आणि टेकऑफच्या मधली जागा परत आक्रसते, आणि २० सेंमीवर वेळेत असलेला फ्रंट क्रॉस ४० वर उशिरा ठरतो. कोन आता ३ ऐवजी ४ मीटरवर आहे. सध्याचं गणित असं: ४० वर फ्रंट क्रॉस आणि रॅप चांगले, ब्लाइंड ठीक, उजवीकडचा रिअर क्रॉस अजून ३० वरच ठेवलाय, कारण तिथे ती पाय उशिरा बदलते आणि मागच्या पायाने बार पाडते. तो ३० वर स्वच्छ झाल्याशिवाय वर नेणार नाही. बॅकसाइड (जंप मागच्या बाजूने घेणं) आणि थ्रेडल (दोन जंपच्या मधून आपल्याकडे ओढून घेणं) त्यानंतर, आणि ते परत २० पासून.